आप्पारावाचं पन्हं

आप्पाराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. सांगणाऱ्याला वाटलं, गावचं जुनं माणूस गेलं, म्हातारी हळहळेल. मी सुपातला खडा बाजूला काढला आणि विचारलं, "फार हाल झाले का?" तो म्हणाला, "छे हो, झोपेतच गेले." मला वाईट वाटलं ते तेवढ्यापुरतंच. माझा मुलगा म्हणतो, अम्मी, एवढी वर्षं झाली, निदान लिहिताना तरी त्यांना अहोजाहो कर. मी करणार नाही. ज्या माणसाने माझ्या शाळेतल्या बाईंना भर उन्हात उघड्या गाडीत बसवून गावाबाहेर काढलं, तो या पानांवर एकेरीतच राहील. लिहिणारी मी आहे.

आमचं घर पिंजाऱ्याचं. प्रवरेच्या काठच्या त्या गावात सकाळ झाली की इतरांच्या घरी जात्याची घरघर ऐकू यायची, आमच्या घरी कापूस पिंजायच्या कमानीची तात, म्हणजे आतड्याची ताणलेली दोरी, वाजायची. अब्बा ओसरीवर मांडी घालून बसायचे, छताला टांगलेल्या कमानीची तात कापसात बुडवायचे आणि लाकडी मुठ्याने तिच्यावर ठोका द्यायचे. टण्ण, टण्ण, टण्ण. कापूस उसळायचा, फुलायचा, घरभर तरंगायचा. आमच्या डोक्यावर, पाण्याच्या घागरीवर, भाकरीच्या पापुद्र्यावर त्याचे तंतू असायचेच. अम्मा हुलग्याची शेंगोळी फार चांगली करायची. लसणाचा वास अंगणापर्यंत जायचा, आणि जेवताना आम्ही शेंगोळ्यांतून आधी कापूस काढायचो, मग खायचो. अजूनही हॉटेलातलं स्वच्छ ताट पुढे आलं की मला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. गावात आमच्याशी कुणी वाईट वागत नसे, पण शाळेत गेले की पोरी माझ्या केसांतला कापूस बघून "म्हातारी आली, म्हातारी आली" म्हणून हसायच्या. मी त्यांच्यापासून लांब बसायची.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. बसायलासुद्धा शिकला नव्हता. अब्बा त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. अम्माने त्यानंतर बोलणंच टाकलं. भाकरी थापायची, वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायचं नाही, दिवेलागणीलाच आम्ही अंथरुणं घालायचो. अब्बाही ताजा कापूस असतानासुद्धा तातीवर हळूच ठोका द्यायचे, जणू घरात कुणी झोपलेलं आहे.

अशा दिवसांत सगुणाबाई आमच्या मुलींच्या शाळेवर आल्या. नगरच्या, ख्रिस्ती. बारीक काठाचं पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा, आणि आवाज असा की शेवटच्या पोरीलाही ऐकू जावा आणि कुणी दचकू नये. शाळा म्हणजे चावडीमागच्या घराची एक खोली. पहिल्याच आठवड्यात इतिहासाच्या तासाला त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि पिशवीतून एक दगड काढून आमच्या पुढ्यात ठेवला. लांबट, मधे घासून खोलगट झालेला.

"हे काय आहे?"

"पाटा!" सगळ्या एकदम ओरडलो.

"कुणाचा?"

"ठाऊक नाही," कुणीतरी म्हणालं. बाई म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही. हा पांढरीच्या टेकाडात सापडला. तिथे कधीतरी गाव होतं. आता एक काम करा. आज घरी गेलात की तुमची आई पाट्यावर वाटते तेव्हा तिचे गुडघे कुठे टेकतात, ते बघून या. उद्या मला सांगा, या पाट्यावर वाटणारी बाई कशी बसत असेल."

पांढरीचं टेकाड आम्हाला चांगलंच माहीत होतं. घरांच्या धाब्यांवर घालायला सगळा गाव तिथली माती खणून आणायचा. मातीत खापरं निघायची, ती आम्ही नदीच्या पाण्यावर टप्पे देत भाकऱ्या काढायला वापरायचो. आता आम्ही ती गोळा करून बाईंना आणून देऊ लागलो. बाई प्रत्येक खापर हातात घेऊन विचारायच्या, हे कशाचं असेल? काठ जाड का? आतून काळं का झालंय? तांबड्या खापरावर काळ्या रेघा ओढल्या आहेत त्या कुणी, आणि ज्यात रोज शिजवायचं त्यावर नक्षी काढायला वेळ कुणाला होता? खोलीच्या भिंतीत कोनाडे होते. बाईंनी खडूने एकावर लिहिलं 'स्वयंपाक', दुसऱ्यावर 'अंगण', तिसऱ्यावर 'खेळ'. त्या सगळ्याला त्या म्हणायच्या 'जुन्यांचं घर'. कोनाड्याजवळ जाताना आम्ही वहाणा काढायचो, कारण दुसऱ्याच्या घरात वहाणा घालून जायचं नसतं. सनावळ्या त्यांनी कधी पाठ करायला लावल्या नाहीत. "किती जुने आहेत हे लोक?" असं विचारलं तर म्हणायच्या, "या मातीत मला लोखंडाचा एकही तुकडा मिळाला नाही. म्हणजे विळा नाही, खिळा नाही. आता तूच अंदाज कर."

एके दिवशी मला टेकाडावर भाजलेल्या मातीची एक चकती मिळाली. मधोमध भोक. पोरी म्हणाल्या, गाडीचं चाक, खेळातलं. मी म्हणाले, टकळीची चकती. आमच्या घरी तशीच होती, फक्त लाकडाची. बाईंनी ती तळहातावर फिरवली आणि वर्गाकडे वळल्या. "सूत काततात म्हणजे कापूस असणार. कापूस असेल तर तो पिंजायला कुणीतरी लागणार. म्हणजे त्या गावातही बानूच्या घरासारखं एक घर होतं." मग मला विचारलं, "तात कशी वाजते गं तुमच्याकडे?" मी तोंडाने वाजवून दाखवली. टण्ण, टण्ण. कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मी पहिल्या रांगेत बसले. एवढीशी गोष्ट, पण मी आयुष्यभर ज्या ताठ मानेने वावरले ती मान मला त्या दुपारी मिळाली.

मग ती मडकी निघाली. माती खणणाऱ्या गड्याची कुदळ लागली आणि तो बाईंना बोलवायला आला. आम्ही सगळ्या मागोमाग. जमिनीत दोन मोठी मडकी आडवी ठेवलेली होती, तोंडाला तोंड लावून, कुणी दोन ओंजळी मिटाव्यात तशी. कुदळीने एकाचं बूड फुटलं होतं, दुसरं धडधाकट होतं. त्याच्या गळ्याभोवती मातीची पट्टी लावलेली आणि त्या पट्टीवर ओळीने बोटांचे ठसे. बाईंनी हाताने माती बाजूला केली आणि एकदम थांबल्या. आत लहान मूल होतं. म्हणजे त्याची हाडं, चिमणीच्या हाडांएवढी. डोकं धडक्या मडक्यात, पाय फुटक्यात. शेजारी दोन इवल्या वाट्या.

बाईंनी डोक्यावर पदर घेतला. म्हणाल्या, "घाबरू नका. याच्या आईने याला गावाबाहेर नेलं नाही. बघा, इथे चूल आहे, ही घरातली जमीन आहे. आपल्याच घरात, आपल्या पायांखाली ठेवलं. जवळ असावं म्हणून." मी तिथून पळत सुटले ती थेट घरी आले आणि चुलीपुढच्या अम्माला धाप लागलेल्या अवस्थेत सगळं सांगितलं. अम्मा उठली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ती माझ्या शाळेसंबंधात घराबाहेर पडली. टेकाडावर येऊन तिने ते बघितलं, खाली बसली आणि मडक्याच्या गळ्यावरच्या ठशांत आपली बोटं ठेवली. ती नेमकी बसली. "बाईमाणसाचाच हात हाय," ती म्हणाली. भाऊ गेल्यानंतर ते तिचं पहिलं वाक्य.

हाडं बाईंनी पुन्हा तिथेच पुरली. अब्बांनी ओंजळभर पिंजलेला कापूस दिला होता, त्यात ठेवून. "याचा देव कुठला ते आपल्याला माहीत नाही," बाई म्हणाल्या, "ज्याला जे येतं ते म्हणा." कुणी रामरक्षेतल्या दोन ओळी म्हटल्या, मी फातिहा म्हटली, बाईंनी त्यांचं काही पुटपुटलं. धडकं मडकं कोनाड्यात मावेना, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात विटांवर ठेवलं.

शाळा समितीचा मुख्य म्हणजे हा आप्पाराव. वाड्या, मळे, दोन बैलजोड्या आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. बाई ख्रिस्ती आहेत हे त्याला पहिल्यापासून खुपत होतं. त्याच्या घरी त्या कामासाठी गेल्या की त्यांना अंगणातच उभं करायचे. आता त्याला निमित्त सापडलं. त्याने चावडीत सगळा गाव जमवला. आम्ही पोरी दाराशी उभ्या होतो.

"ही बाई मढी उकरती," तो म्हणाला. "त्या मडक्यातनं हाडकं काढून आपल्या पोरींच्या हातात दिली. त्यांच्याकडनं कसल्या कसल्या प्रार्थना म्हणवून घेतल्या. उद्या पोरी बाटल्या तर कोन जबाबदार?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हाडं मी एकटीने हाताळली. आणि ती हाडकं नव्हती, आप्पाराव. मूल होतं."

"न्हाई न्हाई, आमाला असलं शिक्षान नको."

सभा उठली ती थेट शाळेत आली. आप्पारावाच्या गड्यांनी आमच्या डोळ्यांदेखत कोनाडे रिकामे केले. पाटा पायरीवर आपटला. 'खेळ' कोनाड्यातला मातीचा बैल, त्याला शिंग एकच होतं, तो आप्पारावाने स्वतः जोड्याखाली घेतला. टाच फिरवली. का फिरवली? नुसता पाय दिला असता तरी फुटला असता. मी आजवर पुष्कळ माणसांना क्षमा केली आहे, पण ती फिरलेली टाच मला अजून दिसते. माझी चकती कुठे गेली ते कळलंच नाही. बाईंना त्याच दुपारी गाडीत बसवलं. टप नाही, छत्री नाही. आम्ही मागे धावलो तर त्या म्हणाल्या, "मागे फिरा, पाय भाजतील." मुलींचा वर्ग बंद झाला. मी घरी बसून सरकी वेचू लागले.

ते धडकं मडकं मात्र फुटलं नाही. आप्पारावाकडे नगरचे एक वकील पाहुणे उतरले होते. ते म्हणाले म्हणे, अहो, असल्या वस्तू मुंबईला काचेत ठेवतात, साहेब लोक बघायला येतात. झालं. आप्पारावाने ते गुपचूप उचलून नेलं. हाडं फुटक्या मडक्यात होती, हे नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली असणार. हव्यास असला की असल्या समजुती घालायला वेळ लागत नाही.

पुढच्या वैशाखात त्याच्या नव्या दुमजली घराची वास्तुशांत निघाली. गाद्या, लोड, तक्के करायला अब्बांना बोलावणं आलं. त्यांच्या हाताखाली मी. मागच्या पडवीत आम्ही कमान टांगली आणि कामाला लागलो. कापूस घेऊन बैठकीत गेले तेव्हा मी ते मडकं बघितलं. जवसाचं तेल चोळून चकचकीत केलेलं, पितळी कड्यावर बसवलेलं, गळ्यात झेंडूची माळ. आप्पाराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, राजाच्या मुदपाकखान्यातला रांजण हाय, आपल्या रानात घावला. आणि आदल्या दिवशी आचाऱ्याला सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "पन्हं याच्यातच करायचं. गार ऱ्हाईल, आन् पाव्हण्यांच्या नजरंतबी भरंल."

मी तेव्हा बोलले असते तर मडकं धुऊन बाजूला ठेवलं असतं, मला एक थप्पड बसली असती आणि संपलं असतं. मी बोलले नाही. अब्बांनाही सांगितलं नाही. गादीला टाके घालत बसले आणि कैऱ्या उकडल्याचा वास येत राहिला. ही कबुली नव्हे. मी काय केलं ते सांगते आहे, आणि ते विचार करून केलं.

वास्तुशांतीला तीन गावांची माणसं लोटली. थोरल्या मुलीचे सासरचे जामखेडहून आले होते, त्यांचा मान मोठा. ऊन रणरणत होतं. आचारी पळीने पन्हं काढत होता, फुलपात्री फिरत होती, वेलदोड्याचा वास सुटला होता. आधी व्याही प्यायले, मग विहीणबाई, आप्पारावाची म्हातारी आई, वकीलसाहेब, समितीतले सगळे. मी लोड पोचवायच्या निमित्ताने दाराशी उभी राहून एकेकाच्या गळ्यातून घोट उतरताना बघत होते. शेवटी आप्पारावाने स्वतः फुलपात्र रिकामं केलं, मिशा पुसल्या आणि त्याची नजर माझ्यावर गेली. नशीब असं की त्याने स्वतःच मला हाक मारली. वकिलांना म्हणाला, "आमच्या शाळंत पोरींना हे सगळं शिकवत हुते. ए पोरी, ये हिकडं. सांग पाव्हण्यांना, ह्यो रांजण कसला हाय."

मी पुढे गेले. बाई उभ्या राहायच्या तशी उभी राहिले. आवाज मुळीच कापला नाही.

"हे मडकं हातानं केलेलं आहे," मी म्हणाले. "गळ्याभोवतीची पट्टी नंतर लावली आहे. ठसे बोटांचे आहेत, बाईच्या बोटांचे. पांढरीच्या टेकाडात घराच्या जमिनीखाली पुरलेलं होतं." वकील कौतुकाने मान हलवत होते. "यात एक लहान मूल होतं. मेलेलं. आम्ही सगळ्या मुलींनी बघितलं. हाडं आम्ही परत पुरली, मडकं तेवढं ठेवलं."

वकिलांची मान हलायची थांबली. मग विहीणबाईंनी हातातलं फुलपात्र लांब धरलं. "काय म्हंतंय लेकरू?"

"खोटं!" आप्पाराव ओरडला. "हाडकं दुसऱ्या मडक्यात हुती! फुटक्या!"

"दोन्ही मडकी तोंडाला तोंड लावून होती," मी म्हणाले. "पाय फुटक्यात होते. डोकं यात."

"गप! कुनी सांगितलं तुला?"

तेवढ्यात मागून सोपानबाबा बोलला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, कुणाची भीड ठेवायचं वय उलटलेला. "आप्पाराव, चावडीत तूच बोलला हुतास की. त्या मडक्यातनं हाडकं काढली म्हून. त्यापायी तर बाईला घालवली. आता हाडकं न्हवती म्हनतोस? मग बाईला कशापायी घालवली?"

आप्पारावाचं तोंड उघडं राहिलं. हो म्हणावं तर पाहुण्यांच्या पोटात प्रेताच्या मडक्यातलं पन्हं. नाही म्हणावं तर चावडीत सगळ्या गावापुढे खोटं बोलला. तो तसा किती वेळ उभा होता सांगता यायचं नाही. मला मात्र पोटभर बघायला मिळालं.

विहीणबाई परसात धावल्या. त्यांच्या मागे आणखी बायका. ओकाऱ्यांचे आवाज येऊ लागले. कुणी घशात बोटं घातली, कुणी मीठपाणी मागितलं. म्हातारी आई देवाच्या नावाने आक्रोश करत होती. व्याही फेटा सावरत उठले आणि म्हणाले, "आमाला मढ्याच्या मडक्यातलं पाजलं व्हय? लै मान केला, व्याही," आणि गाडी जुंपायला सांगितली. भटजी म्हणाले, शांत पुन्हा करावी लागेल, आधी शुद्धी. आप्पाराव माझ्यावर हात उगारून आला, तोच मागच्या पडवीतून अब्बा मधे येऊन उभे राहिले. अब्बांचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "पोरगी खोटं बोलली का, तेवढं सांगा," ते म्हणाले. "खोटं बोलली आसंल तर मीच मारतो तिला."

आप्पाराव वळला. त्याने मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि उंबऱ्याबाहेर दगडावर आपटलं. उरलेलं पन्हं सगळ्या अंगणात पसरलं.

आम्हाला अर्थातच गाव सोडावं लागलं. कमानीची तात त्याच्या गड्यांनी कापली, कापूस मातीत तुडवला, मजुरी दिली नाही. घरी आल्यावर अब्बांनी अम्माला सगळं सांगितलं. अम्माने माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, कारण घर उठवल्याबद्दल कुणीतरी मला मारायलाच हवं होतं. मग विचारलं, "त्याच मडक्यात? आपन बगितलेल्या?" मी हो म्हणाले. तव्यावरची पहिली भाकरी, जी नेहमी अब्बांची असायची, ती तिने माझ्या ताटात घातली.

आम्ही केडगावला अब्बांच्या चुलतभावाकडे गेलो. गावाकडच्या बातम्या येत राहिल्या. आप्पारावाकडे लग्नकार्यात पाणीसुद्धा लोक कुरकुरत प्यायचे. समितीतून त्याला काढलं; काढायला वेगळं कारण दाखवलं, पण कारण सगळ्यांना माहीत होतं. आणि पोरांनी त्याचं नाव मडकेराव ठेवलं. तो रस्त्याने चालला की कुठल्यातरी भिंतीमागून हाक यायची. म्हातारा होईपर्यंत यायची. लोक म्हणतात, वय झालं की वैर दातांसारखं आपोआप पडून जातं. माझे दात सगळे पडले.

बाईंचा पत्ता शोधायला मला फार कष्ट पडले नाहीत. नगरात त्या एका शाळेत शिकवत होत्या, मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होत्या. मी गेले तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. मला बघून लाटणं तसंच हातात राहिलं. मी बसले आणि सगळं सांगितलं, एका दमात, जसं घडलं तसं. मला वाटत होतं, त्या मला जवळ घेतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मडकं फुटलं?"

"हो."

"पूर्ण? तुकडे कुणी वेचले?"

"नाही वेचले, बाई. आम्हाला हाकलून दिलं."

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. डोळे भरून आले. म्हणाल्या, "किती काळ टिकून राहिलं होतं गं ते. माझ्यासाठी कुणाचा सूड घ्यायची गरज नव्हती, बानू."

"तुमच्यासाठी नाही घेतला," मी म्हणाले. "माझ्यासाठी घेतला."

तव्यावरची पोळी करपायला लागली, ती त्यांनी उलटली आणि पाठमोऱ्याच विचारलं, "सगळे प्यायले?"

"सगळे."

"तोही?"

"तोही. शेवटी."

त्यांनी पोळी पुन्हा उलटली. मग बाईंनी विचारलं, अगदी हळू, "पन्हं चांगलं झालं होतं का गं?"

"लोक मागून मागून घेत होते, बाई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, पुन्हा रडताहेत. पण त्यांचे खांदे गदगदत होते आणि पदराआडून जो आवाज येत होता तो हसण्याचा होता. हसता हसता त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, मीही बसले, आणि ती पोळी पार जळून गेली.